नावाच्या पट्ट्या

एकतीस वर्षं मी या पोरांचे कपडे धुतोय.
गवताचा डाग थंड पाण्यात सोडायचा, रक्ताचा त्याहून थंड,
हे मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नाही,
पगार जरी विद्यापीठच देत असलं तरी.

जुना कोच हॅगर्टी पोरं आणायला स्वतः जायचा.
चारशे मैल गाडी हाकून
कुणाच्या तरी आईच्या स्वयंपाकघरात बसायचा,
पीचचा पाय दोनदा मागून घ्यायचा,
आणि उठताना म्हणायचा, पोरगा माझ्या ताब्यात द्या,
माणूस करून परत पाठवतो.
काहींना केलं. काहींचे मोडके गुडघे तेवढे परत गेले.
हेही सांगून ठेवतो, नाहीतर म्हाताऱ्यांना
जुनं सगळं गोडच लागतं.

आता वरच्या मजल्यावर, जिथे चषकांचं कपाट होतं,
तिथे ब्रेनन ऑसगुड बसतो. जनरल मॅनेजर.
वय तेहतीस. आधी शिकागोत रोखे विकायचा.
आयुष्यात कुणाला टॅकल केलेलं नाही,
हे तो स्वतःच सांगून टाकतो, कुणी विचारायच्या आत.
भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर चुंबकं,
प्रत्येक चुंबकावर आडनाव, वजन आणि एक आकडा
जो दर सोमवारी बदलतो.
कोच दारात उभा राहून विचारतो, "हा मिळेल का?"
ऑसगुड म्हणतो, "बसवून बघतो."
जसं काही पंगतीत एक पान वाढवायचंय.

जानेवारीत बदलीचं दार उघडतं. पंधरा दिवस.
पोरं फोन उशाशी घेऊन झोपतात,
त्यांचे एजंट झोपतच नाहीत.
त्या आठवड्यात बाहेर शून्याखाली बारा,
आणि रात्री दीड वाजता ऑसगुड तळघरात उतरला,
पायात नुसते मोजे, हातात यादी.
एकोणीस नावं. लॉकरवरच्या पट्ट्या सकाळपर्यंत काढायच्या.

अठरा नावांना मी मान डोलावली.
एकोणिसावं, डुप्री. नंबर एकाहत्तर.
तीन हिवाळे डावी बाजू अडवून उभा राहिलेला पोरगा,
जो दर रविवारी ड्रायर सुरू करून
लुइझियानातल्या बहिणीला फोन लावायचा,
यंत्राच्या घरघरीत रडू फुटलं तरी ऐकू जात नाही म्हणून.
मला जायचं. मी टॉवेल मोजत राहायचो.

"कुठे जास्त मिळाले त्याला?" मी विचारलं.
"नाही," ऑसगुड म्हणाला. "आपल्याकडेच कमी पडले.
खांद्याचा एमआरआय बरा नाही,
आणि ओहायोचा एक पोरगा स्वस्तात येतोय."
मग बादली पालथी घालून तो यंत्रासमोर बसला.
"सांगायचं कोचने होतं. कोच म्हणाला, आकडा तुझा, तूच सांग.
सांगितलं. त्याने माझे आभार मानले, लॉनी.
आभार. आणि म्हणाला, हेल्मेट नेऊ का?"

काचेआड जर्सी फिरत होत्या,
कुणाचा नंबर कुणाच्या बाहीत.
"कितीचं असतं हेल्मेट?"
"साडेचारशे डॉलर. नवं असताना."
"कुठल्या खात्यात टाकू?"
"हरवलं म्हणून लिही," मी म्हणालो,
"इथे बरंच काही हरवतं."
त्याने लिहिलं. पेन दोनदा झटकावं लागलं.

सकाळी मी ते फडताळातून काढलं,
कपाळावरचे ओरखडे घासले नाहीत,
उशीच्या अभ्र्यात घालून डुप्रीच्या हाती दिलं.
लिफ्ट उघडी होती. तो जिन्याने गेला.

बर्फ वितळायच्या आत ओहायोचा पोरगा आला.
चांगला आहे. मला 'सर' म्हणतो.
धुवायला टाकलेलं परत कधी मिळतं, विचारत होता.
पट्टीला चार भोकं असतात.
हल्ली मी दोनच स्क्रू लावतो.